दानात आलेला वॉकर

ही गोष्ट रचलेली नाही.

भुताचं म्हटलं की लोक रात्रीचं सांगतात. बारा वाजले, कुत्रं रडलं, लाइट गेली... इथं तसलं काही नाही. हे घडलं भर दुपारी, ऊन डोक्यावर असताना. कमलनगरात. मागच्या येळवसेला.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. आपल्या कर्नाटकाच्या सीमाभागात त्या दिवशी गावात माणूस राहत नाही. पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, ताकातल्या आंबिलीचं मडकं डोक्यावर घेऊन सगळे शेतात. दुकानं बंद, गल्ल्या ओस. चोर आला तरी त्याला "कोण रे" म्हणायला कुणी नसतं.

ज्यांच्या घरात हे घडलं ती माणसं आजही तिथंच राहतात. संध्या त्या घरची सून. आपण होऊन ती कुणाला सांगत नाही. पण तिच्या दुकानात जाऊन कुणी नुसतं "वॉकर आहे का?" असं विचारावं... ती हातातलं काम खाली ठेवते.

दुकानाचं नाव मैत्री भांडार. बुद्ध विहाराशेजारी, एका खोलीत. विहाराच्या बायकांनीच काढलेलं. लोक घरातली नको असलेली चांगली वस्तू आणून देतात. साड्या, भांडी, शाळेची दप्तरं, पंखे. बायका ते धुतात, सांधतात, स्वस्तात विकतात. त्यावर पोरींची अभ्यासिका चालते. संध्या आणि तिची मैत्रीण शैलश्री, दोघी दुकान सांभाळतात.

दिवाळीनंतर एक दिवस दारात मोठी गाडी थांबली. स्टेशन रोडवरचे विजयेंद्र उतरले. पाटबंधाऱ्याचे रिटायर अधिकारी. घरात कानडी, बाहेर शुद्ध मराठी. कधी कुणाच्या अध्यात नाहीत की मध्यात नाहीत.

"आईचं सामान आहे," ते म्हणाले. "आई आता बंगळूरला असते, बहिणीकडे."

इस्त्री केलेल्या नऊवारी साड्या. शाली. आणि एक वॉकर. म्हातारी माणसं दोन्ही हातांनी धरून चालतात तो, चार पायांचा, ॲल्युमिनियमचा.

विजयेंद्र घाईनं निघून गेले. शैलश्री पिशव्या रिकाम्या करायला लागली. तळाला एक स्टीलची डबी निघाली. तिनं झाकण उघडलं आणि...

"अग्गं बाई!"

आत दात होते. कवळी. वरची आणि खालची, पूर्ण.

संध्या बघत राहिली. बंगळूरला लेकीकडं जाणारी बाई साड्या ठेवून जाईल. शाल विसरेल. पण दात ठेवून कोण जातं?

ती डबी घेऊन दुसऱ्या दिवशी विजयेंद्रांच्या घरी गेली. दार त्यांच्या बायकोनं, श्रीलक्ष्मीनं उघडलं. अर्धंच. डबी बघितली आणि पटकन ओढून घेतली.

"त्यांनी नवीन दात केलेत," ती म्हणाली.

दार बंद.

"म्हातारी गेली असंल गं," संध्या दुकानात येऊन म्हणाली.

"गेली असती तर गावाला कळलं नसतं व्हय? तेराव्याला कुणी पान वाढलं?" शैलश्री म्हणाली. "आपल्याला काय करायचंय. दिलं, घेतलं, संपलं."

पण संध्याच्या डोक्यात किडा शिरला तो शिरलाच.

वॉकर भीमण्णांनी नेला. ते एसटीवर... म्हणजे आपल्या कर्नाटकच्या बसवर ड्रायव्हर होते, आता रिटायर. त्यांची बायको लकव्यानं एका अंगानं लुळी पडलेली. आठवडा गेला नसेल, भीमण्णा वॉकर घेऊन परत आले. आत सुद्धा आले नाहीत. पायरीवरच ठेवला.

"अक्का, हे ठिवून घ्या."

"कामून? मोडलं का?"

"न्हाई."

"मग?"

"जड हाय."

संध्यानं तो एका हातानं उचलून दाखवला. "ह्यात काय जड हाय अण्णा? पोरगं उचलंल."

भीमण्णा वॉकरकडं बघत नव्हते. विहाराच्या भिंतीकडं बघत होते. "पैसे ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच," म्हणाले आणि चालायला लागले.

संध्याला वेगळाच संशय आला. आपल्या लोकांच्या दुकानातली वस्तू म्हणून कुणी टोकलं असेल ह्यांना. असले अनुभव तिला नवे नव्हते. ती मनातून चिडली. तो वॉकर तिनं कोपऱ्यात सारला आणि म्हणाली, "कुणाला नको तर नको. माझ्या घरी लागतोय."

लागत होताच.

तिची सासू कोंडाबाई न्हाणीत घसरून पडली होती. मांडीचं हाड मोडलं. उदगीरला ऑपरेशन झालं, आत रॉड बसवला. डॉक्टर म्हणाले, चालवा. पण कोंडाबाईनं धसका घेतलेला. जन्मभर दुसऱ्याच्या शेतात खुरपं चालवलेली खमकी बाई, आता खाटेवरून पाय खाली टाकायला तयार नव्हती. संध्याचा नवरा सुगत शाळेत मास्तर. त्यानं समजावून बघितलं, रागावून बघितलं. काही उपयोग नाही.

संध्यानं वॉकर घरी आणला, खाटेजवळ ठेवला आणि पाणी आणायला आत गेली.

टक्...

टक्...

ती बाहेर आली तर कोंडाबाई उभी. वॉकर धरून. एकेक पाऊल टाकत.

सुगतच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं शेजारीपाजारी पेढे वाटले.

आनंद चार दिवस टिकला.

मग संध्याच्या ध्यानात यायला लागलं. कोंडाबाई घरभर फिरत नव्हती. स्वयंपाकघरात येत नव्हती. उठली की सरळ रस्त्याच्या दाराकडं. तिथं उंबऱ्याशी थांबायची. बाहेर बघत राहायची. आणि नेहमी दुपारीच.

एकदा संध्या माडीवर कपडे वाळत घालत होती. खालून आवाज आला.

टक्... टक्...

"आत्याबाई, दमानं चाला!" ती वरूनच ओरडली.

खाली येऊन बघितलं तर...

कोंडाबाई खाटेवर गाढ झोपलेली. घोरत होती.

वॉकर दारात होता. तोंड रस्त्याकडं.

संध्याला वाटलं, सुगतनं सरकवला असेल. तो शाळेतून आल्यावर तिनं विचारलं.

"मी कशाला हलवू?" तो म्हणाला. "आन मी तर आत्ता यायलोय."

तिनं शेजारच्यांवर संशय घेतला. मांजरावर घेतला. सासूवर सुद्धा घेतला. म्हातारी झोपेचं सोंग करते आणि आपली गंमत बघते की काय! म्हणून एका दुपारी ती मुद्दाम खाटेजवळ निवडायला तांदूळ घेऊन बसली. कोंडाबाई जागी होती. छताकडं बघत होती. एकाएकी ती हसली.

"काय झालं आत्याबाई?"

"म्हातारी चांगली हाय गं."

"कोण म्हातारी?"

"ही की. माझ्या म्होरं चालती ती. मी पडंन म्हणून माझे हात धरती."

संध्यानं सूप बाजूला ठेवलं.

"काय म्हणती ती?"

"कानडीत बोलायलीय. मनीगि, मनीगि म्हणती. घरी, घरी. बाकीचं काय कळंना मला." कोंडाबाई कुशीवर वळली. "तोंडात दात न्हाईत तिच्या. सगळं बोलणं फसफस व्हतंय."

दातांच्या डबीबद्दल संध्या घरात एक अक्षरही बोलली नव्हती. सुगतला सुद्धा नाही.

त्या दिवशी तिची खात्री झाली. विजयेंद्रांची आई, शारदाबाई, बंगळूरला नाही. ती कुठंच नाही. तिचं त्या घरात काहीतरी झालंय आणि ते ह्या नवरा-बायकोनं लपवलंय. म्हणून तर सामान असं घाईनं काढलं! म्हणून तर दार अर्धंच उघडलं!

सुगतला तिनं सगळं सांगितलं. तो कपाळाला हात लावून बसला.

"पोलिसाला काय सांगू? वॉकर चालायलाय म्हणून?"

"मग गप बसायचं व्हय? एका म्हातारीचं काय झालं, कुणी इचारायचंच न्हाई?"

"येळवस होऊ दे. मग बघू," तो म्हणाला. "तोवर तो वॉकर माडीवर टाक."

तिनं टाकला. माडीवर, जिन्याच्या वरच्या खोलीत. बाहेरून कडी घातली.

येळवसेला सुगत पोरांना घेऊन शेताला गेला. कोंडाबाईला जीपमधून हिसके बसतील म्हणून संध्या तिच्याजवळ थांबली. सकाळी गल्लीत गलका होता. अकराच्या पुढं एकेक घर बंद होत गेलं. मग काहीच नाही. मिक्सर नाही. टीव्ही नाही. कुणाच्या पोराचं रडणं नाही. कावळासुद्धा ओरडत नव्हता...

संध्यानं सासूला जेवू घातलं. ती झोपली. संध्या मागच्या अंगणात भांडी घासायला बसली. नळ सोडला.

मध्येच तिला वाटलं, काहीतरी वाजलं. तिनं नळ बंद केला.

शांत.

पुन्हा सोडला.

पुन्हा बंद केला.

टक्...

घरात नाही. बाहेर. रस्त्यावर.

ती राखेच्या हातानं आत पळाली. खाट रिकामी. पुढचं दार सताड उघडं. जिना चढून वर बघायला तिला धीर झाला नाही. ती तशीच रस्त्यावर आली.

गल्लीत कुणी नव्हतं. दोन्ही बाजूंच्या दारांना कुलपं. सिमेंटच्या रस्त्यावर नुसतं ऊन.

टक्... टक्... कोपऱ्याच्या पलीकडून.

"आत्याबाई!"

ती कोपऱ्यापर्यंत धावली. पुढची गल्ली रिकामी. आवाज मात्र त्याच्या पुढच्या वळणावरून येत होता. संध्या पळत होती, आवाज चालत होता, तरी अंतर कमी होईना. ज्या बाईला न्हाणीपर्यंत जायला धाप लागायची, ती एवढ्यात एवढी लांब गेली कशी?

पिराचा कट्टा गेला. बंद दुकानांची रांग गेली. मग खडी टाकलेला कच्चा तुकडा, आणि स्टेशन रोड.

आवाज थांबला.

विजयेंद्रांच्या फाटकासमोर कोंडाबाई उभी होती. अनवाणी. डोक्यावर पदर नाही. वॉकरचे पुढचे पाय ती फाटकावर आपटत होती. दमानं. ओळखीच्या माणसानं दार वाजवावं तसं.

आतून श्रीलक्ष्मी बाहेर आली. व्हरांड्यातच तिचे पाय थिजले.

संध्या सांगते, मी तिथंच होते, माझ्या ह्या डोळ्यांनी बघितलं... श्रीलक्ष्मी कोंडाबाईकडं बघत नव्हती. कोंडाबाईच्या बाजूला बघत होती. जिथं कुणी नव्हतं तिथं.

"मत्त याक बंद्री?" ती म्हणाली. परत कशाला आलात?

आदरानं बोलली. रडत बोलली.

तेवढ्यात कोंडाबाईनं वॉकर सोडला. ती एका अंगाला कलली. संध्यानं धावत जाऊन तिला काखेत धरलं, खाली बसवलं, पदरानं तिचं तोंड पुसलं. मग वर बघितलं.

वॉकर फाटकाच्या आत उभा होता.

फाटकाला आतून कडी होती.

विजयेंद्र बाहेर आले. त्यांनी कुणालाच काही विचारलं नाही. वॉकरला वळसा घालून गाडी काढली, दोघींना मागं बसवलं आणि घरापर्यंत सोडलं. त्या उतरताना मान न वळवता म्हणाले,

"आई बंगळूरलाच आहे. बरी आहे."

संध्यानं विचारलंच नव्हतं.

घरी आल्यावर तिनं सासूचे पाय बघितले. खडीवरून आलेले पाय. एक ओरखडा नव्हता. धूळसुद्धा नव्हती. उदगीरच्या डॉक्टरनं दुसऱ्या दिवशी पायाचा फोटो काढला आणि म्हणाला, "रॉड व्यवस्थित आहे. पण एवढं चालल्या म्हणता, ते काही शक्य नाही."

माडीवरच्या खोलीची कडी तशीच लागलेली होती.

त्यानंतर संध्या भीमण्णांच्या घरी गेली. आता तिला राग नव्हता. ओट्यावर बसून हात जोडले. "अण्णा, खरं सांगा. कामून परत दिला?"

भीमण्णांनी सुपारी कातरायला घेतली.

"आमच्या घरामागच्या परड्यात पाण्याची हीर हाय," ते म्हणाले. "बायकोला एक हात उचलत न्हाई. दुपारी मी जरा डोळा लावला. उठून बघतो तर ती हिरीच्या काठावर. वॉकर धरून. दोन्ही हातानं."

"मग सांगितलं का न्हाई?"

"सांगून कोण मानलं असतं? तुमी मानलं असतं?"



तिनं सुगतला निर्वाणीचं सांगितलं, तू येत नसशील तर मी एकटी पोलिसात जाते. तो तयार झाला. संक्रांत झाली की जायचं ठरलं.

आणि संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, शैलश्री हळदीकुंकवाला गेलेली, संध्या दुकानात एकटी साड्यांच्या घड्या घालत असताना दारात सावली पडली.

तिनं वर बघितलं.

श्रीलक्ष्मी होती. तिच्या हाताला धरून एक गोरी, बारकी म्हातारी. हातात साधी काठी. म्हातारी हसली. तोंडात पांढरेशुभ्र, नवे दात.

"मी शारदाबाई," ती म्हणाली. "विजूची आई."

संध्याच्या अंगावर काटा आला तो ह्या गोष्टीतला सगळ्यात मोठा. जिला तिनं मनातल्या मनात मारून टाकलं होतं, ती समोर स्टुलावर बसत होती. धडधाकट. काल रात्रीच्या गाडीनं आलेली.

"तुमच्या सासूबाई कशा आहेत?" शारदाबाईंनी विचारलं.

"बऱ्या हायत." संध्यानं हातातली साडी खाली ठेवली. "माफ करा, मला वाटलं... तो वॉकर तुमचा..."

"माझा नव्हे तो."



"माझा पाय मुरगळला तेव्हा विजूनं आणला. बिदरहून, असल्याच एका दुकानातून. कुणीतरी दान दिलेला. त्याच्या आधी कुणाचा, कुणाला ठाऊक?" शारदाबाई काठीवर दोन्ही हात ठेवून बसल्या होत्या. "पहिल्या दिवसापासून तिनं माझा हात धरला. रोज दारापर्यंत न्यायची. मग फाटकापर्यंत. एक दिवस मी रेल्वेच्या रुळांपाशी होते. गँगमननं आणून सोडलं. त्याच संध्याकाळी मी बंगळूरची गाडी धरली. दात सुद्धा घेतले नाहीत."

संध्या श्रीलक्ष्मीकडं वळली. तिचा आवाज चढला. "तुमाला सगळं ठावं हुतं. मग आमाला का दिला? आमच्या घरात म्हातारी माणसं न्हाईत व्हय?"

श्रीलक्ष्मी खाली बघत होती. "घरात ठेववेना," ती म्हणाली. "फेकून द्यायला भीती वाटायची. वाटलं, दान केलं की सुटतं..."

"आन आता कुठाय तो?"

"तुम्ही गेलात त्या संध्याकाळी आम्ही बघितलं. फाटकात नव्हता. कुणी नेला, का..." तिनं वाक्य पुरं केलं नाही.

दोघी उठल्या. शारदाबाई पायरी उतरल्या आणि थांबल्या. मागं वळून त्यांनी हळूच विचारलं,

"तुमच्या सासूबाईंनी तिला काही कबूल तर नाही ना केलं?"

"म्हंजे?"

"मी कधी उत्तर दिलं नाही तिला. म्हणून सुटले असं वाटतं मला. तुम्ही विचारा त्यांना."

संध्यानं दुकान बंद केलं आणि घर गाठलं. कोंडाबाई ओट्यावर उन्हाला पाय पसरून बसली होती. आता ती काठीवर चालते, चांगली चालते. संध्या तिच्याजवळ बसली.

"आत्याबाई, त्या दिवशी फाटकापाशी... ती तुमाला काय म्हणाली?"

"काय म्हणणार? हात सोडंना माझा. चल म्हणाली."

"मग?"

कोंडाबाई हसली. दारातल्या पाहुण्याला वाटेला लावल्यासारखी, साधी, निर्मळ हसली.

"मी म्हणलं, तू हो म्होरं. मी येते मागनं. तसं म्हणावंच लागतंय की गं. एकदम न्हाई कसं म्हणायचं?"

तेव्हापासून दुपारी त्या घरात कोंडाबाईला एकटं ठेवत नाहीत. संध्यानं दुकानाची दुपार शैलश्रीकडं दिली आहे. पुढच्या दाराला आतून कुलूप असतं, किल्ली संध्याच्या कमरेला.

आता पुन्हा येळवस जवळ आली आहे. ह्या वर्षी सासूला सोबत घेऊनच शेताला जायचं, असं सुगतनं ठरवलंय. जीपही सांगून ठेवली आहे.

पण कोंडाबाई ऐकत नाही. परवा सगळे जेवायला बसलेले असताना ती म्हणाली,

"माझ्यापायी कशाला खोळंबता रे? तुमी व्हा म्होरं..."

घास सगळ्यांच्या हातात तसाच राहिला.

पुढचं ती बोलली नाही. दाराकडं बघत बसली.